नाव, गाव, चॅसी नंबर

१५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत नवी कलमं घातली आणि 'विंटेज' गाड्यांना पहिल्यांदाच देशभर एकसारखी वेगळी नोंदणी मिळाली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी, खासगी वापराची, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेली, एवढ्या अटी. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००. मुदत दहा वर्षं. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येणार. गाडी आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर तसाच ठेवता येणार. रोज ऑफिसला न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची.

अर्जासोबतच्या कागदांची यादीही छोटी आहे. विमा, फी, गाडी आयात केलेली असेल तर बिल ऑफ एंट्री, आणि भारतात आधी नोंदलेली असेल तर जुनं आरसी बुक.

मी सत्तावीस वर्षं बॅलार्ड पिअरला एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत काम केलं. बिल ऑफ एंट्री हा माझा रोजचा भाकरतुकडा होता, त्यामुळे ही यादी वाचून मला हसू आलं. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतून जुन्या गाड्यांचे मालक माझ्याकडे कागदांचे फोटो पाठवू लागले. "हा चालेल का?" एवढाच प्रश्न. कुणाच्या हातात १९६८ची विम्याची पावती, कुणाकडे टॅक्सचं टोकन, कुणाकडे नुसताच आजोबांचा गाडीला टेकून काढलेला फोटो. हे सगळं पाहता पाहता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. कागद हरवतात हे खरंच, पण खरी अडचण तिथे नाही. जे कागद टिकलेत तेही बहुतेकदा उपयोगी पडत नाहीत, कारण सरकारने दर काळात गाडीला वेगळा प्रश्न विचारला आणि कागदावर तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर लिहून घेतलं. आज खिडकीपलीकडचा माणूस जे विचारतो, ते त्या वेळी कुणी विचारलेलंच नव्हतं.

ते प्रश्न एकेक करून पाहू.

गाडी कोणाची?

मोटारीला नंबर लावायची कल्पना पोलिसांची. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये वटहुकूम काढून गाडीवर मालकाचं नाव, पत्ता आणि क्रमांक असलेली पट्टी सक्तीची केली. ब्रिटनने १९०३ मध्ये मोटार कार कायदा केला आणि १ जानेवारी १९०४ पासून नंबरप्लेट आली. हेतू साधा होता. घोडागाडीवाला कुणाला धडकला तर गर्दी त्याला पकडू शकत असे, मोटारवाला धूळ उडवून निघून जाई. त्याला मागाहून शोधायला काहीतरी खूण हवी होती.

मुंबई इलाखा मागे नव्हता. मुंबईचा मोटार वाहन कायदा १९०४चा, म्हणजे शहरात विजेची ट्राम धावायला लागली (१९०७) त्याच्याही आधीचा. मग वेगवेगळ्या प्रांतांचे कायदे एकत्र करून १९१४ चा इंडियन मोटर व्हेइकल्स ॲक्ट आला. अठरा वर्षांखालच्याने गाडी चालवू नये, अपघात झाला तर थांबावं, चालवणाऱ्याकडे परवाना असावा, गाडीची नोंद असावी. एकूण सूर फौजदाराचा.

फौजदाराला गाडीबद्दल काय हवं असतं? मालकाचं नाव आणि गाव. गाडी कुठल्या साली बनली, कुठल्या बोटीने आली, जकात किती भरली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अपघात करणाऱ्या गाडीचं वय विचारून काय करणार? आणि 'जुनी गाडी' म्हणून काही जपण्यासारखी वस्तू असेल हे तर तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. जुनी गाडी म्हणजे बिघडलेली गाडी.

शिवाय हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानाचा. आपल्याकडे दक्षिण महाराष्ट्रात तर संस्थानांची गोधडीच होती: कोल्हापूर, सांगली, मिरज, जमखंडी, कुरुंदवाड, औंध, फलटण, भोर. पुण्याहून कोल्हापूरला जाताना माणूस किती वेळा राज्य बदलत असे हे त्यालाही सांगता आलं नसतं. संस्थानांचे नंबर आणि वह्या आपापल्या. दसऱ्याच्या शाही सोहळ्यात कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मेबॅक निघते तेव्हा ती पाहायला दुतर्फा गर्दी होते. अशा राजवाड्यातल्या गाड्यांचा इतिहास कुणी ना कुणी लिहून ठेवतो. पण संस्थानातल्या डॉक्टरने, वकिलाने, अडत्याने घेतलेल्या गाडीची नोंद एका वहीत झाली आणि ती वही संस्थानाबरोबर दप्तरात गेली.

जकात भरली का?

आता माझा प्रांत. बिल ऑफ एंट्री म्हणजे परदेशातून आलेल्या मालाबद्दल आयातदाराने कस्टमला दिलेलं लेखी निवेदन. कुठल्या बोटीतून, कुठल्या बंदरातून, कसला माल, किती नग, किंमत काय. त्यावर कस्टमचा अधिकारी जकात ठरवतो, ती भरली की माल गोदीबाहेर. हा शब्द १८७८ च्या सी कस्टम्स ॲक्टमध्ये आहे आणि त्याच्या जागी आलेल्या १९६२ च्या कस्टम्स ॲक्टमध्येही आहे. इंग्रज गेले, बोटींचे कंटेनर झाले, कार्बन पेपर जाऊन संगणक आला, पण बिल ऑफ एंट्री आहे तिथेच आहे.

हा कागद मालाचा असतो, गाडीचा नसतो. हे भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. कस्टमचा प्रश्न एवढाच, की या मालावर सरकारचे पैसे मिळाले का. मिळाले की कागदाचं काम संपलं. तो पुढे गाडीबरोबर फिरावा, मालक बदलला की नव्या मालकाच्या हाती जावा, अशी कल्पनाच त्यात नाही. तो आयातदाराच्या फायलीत राहतो. आयातदार म्हणजे बहुतेक वेळा गाड्या विकणारी कंपनी, आणि अशा कंपन्यांची फाइल दुकान बंद झाल्यावर रद्दीत जाते. आमच्या कचेरीतही ठरावीक वर्षांनी जुन्या फायली रद्दीवाल्याला देत असू. त्यात आम्ही काही वावगं करत होतो असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही, कारण ज्या प्रश्नासाठी ते कागद होते तो प्रश्न मिटलेला होता.

आणि हेही सगळं अखंड आलेल्या गाडीबद्दल. आपल्याकडच्या कितीतरी 'इंपोर्टेड' गाड्या अखंड आल्याच नाहीत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना सुरू केला. फोर्डनेही मुंबई, मद्रास, कलकत्ता इथे तेच केलं. फोर्डचा भारतातला कारभार अमेरिकेच्या नव्हे, तर कॅनडाच्या कंपनीकडे होता, कारण ब्रिटिश साम्राज्यातले हक्क तिच्याकडे होते. गाडी सुट्या भागांत, लाकडी खोक्यांतून येई. इथे जोडली जाई, रंगवली जाई, आतलं शिवणकाम होई आणि शोरूममध्ये उभी राही. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनेही कुर्ल्याला सुरुवातीला डॉज, डिसोटो, प्लिमथ अशाच जोडल्या.

मग सांगा, अशी गाडी आयात की देशी? घरचे म्हणणार इंपोर्टेड. बॉनेटवर नाव अमेरिकन आहेच. पण कस्टमच्या दृष्टीने त्या नावाची गाडी कधी बंदरात उतरलीच नाही. उतरली ती खोकी. शंभर गाड्यांचे दरवाजे एका खोक्यांच्या गठ्ठ्यात, इंजिनं दुसऱ्यात. तुमच्या गाडीचं म्हणून वेगळं बिल ऑफ एंट्री अस्तित्वातच नव्हतं. ते हरवलं नाही, कुणी जाळलं नाही, वाळवीने खाल्लं नाही. ते कधी जन्मालाच आलं नाही. २०२१ च्या यादीत 'आयात' आणि 'भारतात नोंदलेली' असे दोन रकाने आहेत. शिवडीच्या गाडीचा विदेशी चेहरा पाहून कुणी तिला पहिल्या रकान्यात टाकलं की मालकाचे फेरे सुरू.

नंबर कुठल्या प्रांताचा?

१ जुलै १९३९ पासून नवा मोटर व्हेइकल्स ॲक्ट लागू झाला. आपण ज्याला आरसी बुक म्हणतो त्याचं घराणं इथून सुरू होतं. प्रत्येक प्रांताला अक्षरं वाटून दिली गेली. मुंबई प्रांताच्या गाड्या 'बी'ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरांच्या झाल्या. गाडी कायमची दुसऱ्या प्रांतात गेली की नवा नंबर घ्यायचा. म्हणजे नंबर गाडीचा नाही, ती जिथे राहते त्या जागेचा. माणसाने गाव बदललं की आडनाव बदलावं तसं.

त्यातच संस्थानं विलीन झाली. सांगली, मिरज, औंध वगैरे दक्षिणेतली संस्थानं ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात आली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. नकाशा एका दिवसात बदलतो, वह्या तशा बदलत नाहीत. संस्थानात नोंदलेल्या गाड्या एकेक करून मुंबई प्रांताच्या वहीत नव्या नंबराने चढल्या. मग १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, नव्या गाड्यांना 'एम'ची अक्षरं आली. १ जुलै १९८९ पासून १९८८ चा कायदा लागू झाला आणि 'एमएच' आलं. १९३० च्या दशकातली एखादी गाडी न हलता, एकाच गॅरेजमध्ये उभी राहून, तीन राजवटींतून गेलेली असू शकते. दर वेळी वही नवी. नव्या वहीत जुन्या वहीतलं किती उतरवायचं हे उतरवणाऱ्या कारकुनाच्या हातात.

डॉलर कुठून आणले?

दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, आयातीवर नियंत्रण आलं. स्वातंत्र्यानंतर ते १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याने चालू राहिलं. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं, की ज्यांचा इथेच गाड्या बनवायचा कार्यक्रम आहे त्यांनीच इथे राहावं. नुसती जोडणी नको. १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला, फोर्डही गेली. १९५७ च्या सुमाराला परकीय चलनाचा खडखडाट झाला आणि परदेशी गाडी घेणं सामान्य श्रीमंताच्याही आवाक्याबाहेर गेलं.

आता प्रश्न जकातीचाही उरला नाही. परवाना आहे का? चलन कुठून आलं? याच काळात परदेशी गाडीला एक चोरटा वास चिकटला. ज्याच्या दारात ती उभी, त्याच्याकडे लोक जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले.

तरी गाड्या येत होत्या, आडवाटांनी पण कायदेशीर. वकिलातींचे लोक स्वतःसाठी गाडी आणत, आणि जाताना ती परस्पर विकायची मुभा नसे. अशा गाड्या १९५६ मध्ये स्थापन झालेल्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत निविदा काढून विकल्या जात. परदेशातली नोकरी संपवून येणारा माणूस सामानाबरोबर गाडी आणू शके. कुणी लंडनहून जमिनीवरून गाडी चालवत यायचा; तिच्यासाठी 'कार्ने' नावाचं पुस्तक असतं. त्यात प्रत्येक सरहद्दीवर पान फाटतं. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनशी ज्यांचा कधी संबंध आला त्यांना हे पुस्तक माहीत असेल. कार्नेवर आलेली गाडी पाहुणी असते, ती परत गेलीच पाहिजे. न गेली तर तिच्यावरची जकात हमीदाराच्या मानगुटीवर.

अशा प्रत्येक वाटेचा कागद वेगळा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आयात गाडीच्या नोंदणीसाठी कस्टमचा दाखला आणि सोबत परवाना व बंधपत्र असेल तर तेही मागितलेलं आहे. त्या 'असेल तर' या दोन शब्दांत या सगळ्या आडवाटा मावल्या आहेत.

सगळ्यात मजेची गोष्ट गोव्याची. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची बाजू बदलून उजवी केली, पण गोव्याने शेजारच्या ब्रिटिश मुलखाप्रमाणे डावीच ठेवली, त्यामुळे तिथली वाहतूक पहिल्यापासून आपल्यासारखी. पन्नाशीच्या दशकात खनिजाच्या निर्यातीतून गोव्यात पैसा आला आणि भारतातले आयातनिर्बंध तिथे लागू नव्हते. मुंबईचा श्रीमंत जिच्याकडे टक लावून बघायचा ती मर्सिडीज पुढे गोव्यात टॅक्सी म्हणून धावत होती. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्या गाड्या तिथेच उभ्या होत्या. यांचं बिल ऑफ एंट्री कुठलं? भारतीय कस्टमच्या बंदरात त्या कधी उतरल्या नव्हत्या. गाडी भारतात आली नाही, भारत गाडीपर्यंत आला. यावर कुठल्या फॉर्ममध्ये रकाना असणार?

वय किती?

१९८८ च्या कायद्याने खासगी गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षांची मुदत घातली आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. चालू गाडीसाठी हे ठीकच. पण गॅरेजमध्ये ठोकळ्यांवर उभ्या असलेल्या गाडीचं नूतनीकरण करायला कोण जातो? मग नोंदी संगणकावर गेल्या. 'वाहन' या प्रणालीत जुन्या हस्तलिखित वहीतली नोंद चढवायला 'बॅकलॉग एंट्री' करावी लागते. ती आपोआप होत नाही, मालकाने मागे लागून करून घ्यावी लागते.

२०२१ चे नियम या सगळ्याच्या शेवटी आले आणि त्यांनी नवाच प्रश्न विचारला: गाडी किती जुनी आणि किती अस्सल? प्रश्न चांगलाच आहे. इतक्या वर्षांत प्रथमच सरकारने जुनेपणाला दोष न मानता गुण मानलं. अडचण एवढीच, की या प्रश्नाचं उत्तर ना फौजदाराने लिहून ठेवलं होतं, ना कस्टमने, ना परवानेवाल्यांनी.

सांगलीच्या गावभागात माझे मावसभाऊ राहतात, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. त्यांच्याकडे आजोबांची १९३८ची शेव्हरोले आहे. आजोबा डॉक्टर. गाडी मुंबईहून नवीकोरी आणलेली. बॉनेटखालच्या पत्र्यावर मुंबईचं नाव आहे, म्हणजे शिवडीत जोडलेली. १९८६ पर्यंत ती चालत होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं, गाडीच्या स्टिअरिंगपर्यंत चढलं. गाडीचं काय, मेकॅनिकने दोन महिने खपून इंजिन मोकळं केलं. पण कागदांची ट्रंक तळमजल्यावरच होती. आरसी-टीसी बुकाचा लगदा झाला.

नानांचं वय तेव्हा बहात्तर. एक मुलगा पुण्यात, दुसरा परदेशात. दोघांचं म्हणणं, देऊन टाका. घेणारेही होते, पण कागद नाहीत म्हटल्यावर बोली भंगाराच्या भावावर यायची. नानांना विकायची नव्हतीच. त्यांना फक्त ती आपल्या डोळ्यांदेखत मुलांच्या नावावर जाईल अशी स्थिती हवी होती. ते मला म्हणाले, "तू आयुष्यभर कागदंच केलीस की रे. मग हा एक कागद कुठनं आणायचा ते सांग."

सांगणं सोपं नव्हतं. गाडी वडिलांच्या नावावर, वडील १९९१ मध्ये गेलेले. नाव बदलायला आरसी हवं, आरसीची दुय्यम प्रत मिळवायला नोंद हवी, नोंद संगणकात नाही. संबंधित कार्यालयाने पहिल्याच भेटीत विचारलं, की गाडी परदेशी आहे, तर बिल ऑफ एंट्री आणा.

आम्ही दोन कामं केली. एक, वरच्या मजल्यावरचं जे जे कोरडं राहिलं होतं ते सगळं उपसलं. नानांच्या आत्याच्या लग्नातला फोटो निघाला, त्यात फुलं बांधलेल्या गाडीचा नंबर स्पष्ट दिसत होता. १९७४ च्या विम्याच्या कागदावर चॅसी आणि इंजिन नंबर मिळाला. तो गाडीवरच्या नंबराशी जुळला. दोन, नंबर हाती आल्यावर जुनी वही शोधण्याची विनंती केली. त्या कार्यालयातल्या एका तरुण कारकून बाईंनी स्टुलावर चढून ती वही काढली. पानांच्या कडा झडल्या होत्या, पण नोंद होती. नोंदणी १९५० ची, आजोबांचं नाव, पुढे १९६३ मध्ये वडिलांचं. 'आधीचा क्रमांक' या जागी सांगली संस्थान एवढाच शेरा.

बिल ऑफ एंट्रीबद्दल मी दोन पानांचं टिपण लिहून दिलं. शिवडीचा कारखाना, सुटे भाग, खोकी, आणि म्हणून या गाडीचं वेगळं बिल का असू शकत नाही, हे सगळं. या लेखातला बराचसा भाग त्या टिपणातूनच आला आहे. टिपण वर गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. चौदा महिन्यांनी नोंद मान्य झाली. गाडी 'भारतात आधी नोंदलेली' ठरली, बिलाची गरज उरली नाही, जुना नंबर कायम राहिला.

फक्त एक झालं. संगणकात प्रथम नोंदणीचं वर्ष १९५० पडलं. संस्थानातल्या वहीचा पुरावा आमच्याकडे नव्हता, आणि पुरावा नसताना कारकून बाईंनी १९३८ लिहावं असं आम्हीही म्हणू शकत नव्हतो. त्या म्हणाल्या, "काका, पन्नास वर्षं दोन्हीकडनं होतात. फरक काय पडतो?" नियमाच्या दृष्टीने काहीच नाही. पण जुन्या गाड्यांची जागतिक संघटना १९४५ पर्यंतच्या आणि त्यानंतरच्या गाड्यांना वेगळ्या वर्गात धरते. नाना उद्या रॅलीत गेले तर गाडी स्वतःच्या अंगावरच्या पत्र्याने युद्धाआधीची ठरेल आणि कागदाने युद्धानंतरची. डॉक्टर आजोबांनी तिच्यातून बाळंतपणाला, सापाच्या दंशाला गावोगाव काढलेली बारा वर्षं सरकारदरबारी झालीच नाहीत.

दुसरीकडे काय करतात

ही भानगड फक्त आपल्याकडची नाही. ब्रिटनमध्ये गाड्यांच्या नोंदी जिल्ह्याजिल्ह्यांच्या कौन्सिलांकडे असत. १९२१ पासून गाडीबरोबर लॉगबुक चाले. पुढे सगळं स्वान्सीच्या मध्यवर्ती संगणकावर न्यायचं ठरलं आणि १९८३ च्या अखेरीस दार बंद झालं. त्याआधी ज्यांनी गाडी कळवली नाही, त्यांचा नंबर नोंदीतून गेला. कोठारात, गोठ्यात उभ्या असलेल्या हजारो गाड्या एका तारखेने निनावी झाल्या.

पण त्यांनी एक मागचं दार ठेवलं. 'व्ही ७६५' नावाच्या अर्जाने जुना नंबर परत मागता येतो. मूळ लॉगबुक नसेल तर कौन्सिलच्या जुन्या वह्या चालतात, आणि त्यांतल्या बऱ्याच आज जिल्ह्यांच्या अभिलेखागारांत जपलेल्या आहेत. त्या त्या गाडीचा मान्यताप्राप्त क्लब गाडी तपासून शिफारस देतो. बाहेरून आणलेल्या गाडीचं वय ठरवायलाही क्लबचा किंवा कंपनीचा दाखला चालतो. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे मॉरिस, ऑस्टिन, एमजी अशा कंपन्यांच्या उत्पादनाच्या वह्या आहेत. ज्या वर्षांच्या टिकल्या आहेत त्यांतून गाडी कधी बनली आणि कुठे रवाना झाली याचा दाखला ते देतात. रोल्स-रॉइसच्या प्रत्येक चॅसीची कार्डं त्यांच्या मालकांच्या क्लबने जपली आहेत. आपल्या संस्थानिकांच्या कितीतरी गाड्या साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी गेल्या. तिथे त्यांची ओळख पटली ती इथल्या नोंदीवरून नव्हे, तर त्या कार्डांवरून.

म्हणजे फरक कागद हरवण्यात नाही, ते तिकडेही हरवले. फरक इतकाच, की दुय्यम पुरावा कुठला आणि कुणी पारखायचा हे तिथे ठरलेलं आहे. आपल्याकडे राज्याने नेमलेल्या समितीने गाडी तपासायची असते, पण शिवडी, कुर्ला, संस्थान, गोवा यांचा इतिहास समितीसमोर मांडायचं काम मालकावर पडतं. संस्थानांच्या वाहननोंदीच्या वह्या जिथे असतील तिथून काढून त्यांची सूची झाली, तर कितीतरी गाड्यांची हरवलेली वर्षं परत मिळतील. काम मोठ्या खर्चाचं नाही.

तोवर, ज्यांच्या घरात अशी गाडी आहे त्यांना एवढंच सांगेन. चॅसी आणि इंजिन नंबर आजच कागदावर खडूने घासून उमटवून घ्या. बॉनेटखालचा पत्रा रंगवू नका, त्यावरच्या एका गावाच्या नावाने आमचं काम झालं. लग्नामुंजीच्या अल्बममध्ये गाडीचा नंबर दिसणारा फोटो शोधा आणि त्यामागे साल लिहा. विम्याच्या, टॅक्सच्या जुन्या पावत्या रद्दीत टाकू नका. 'वाहन'वर नोंद नसेल तर ती मालक हयात असतानाच चढवून घ्या. वारसांना ते दुप्पट जड जातं. आणि हे सगळं ज्या ट्रंकेत ठेवाल ती तळमजल्यावर ठेवू नका. नदीकाठी राहत असाल तर मुळीच नाही.